पासवरचे आजोबा

“कोणी विचारलं तर सांगायचं, मी आजोबांबरोबर आहे. दुसरं काही बोलायचं नाही.”

•

बारा वर्षांखालच्या मुलाला वेगळा पास लागत नाही. ते मोठ्या माणसाच्या पासवर फुकट जातं. एका मोठ्या माणसामागे दोन मुलं. तिसऱ्याला अर्धा पास.

•

कवळ्या बनवणाऱ्या बाईच्या नखांत हिरड्यांच्या रंगाची भुकटी अडकून राहते. ती साबणाने जात नाही.

•

निवृत्त पोस्टमास्तरांना परदेशातल्या हॉटेलात सकाळी सव्वासहाला चक्कर आली, तेव्हा त्यांच्या एका पायात मोजा होता आणि दुसरा मोजा हातात.

•

नातं : ………………
(ही चौकट रिकामी सोडू नये.)

•

“ताई, एकच ओळ आहे. सही करा आणि जेवायला जा.”

हे धाकटे साहेब बोलत होते. धाकटे साहेब म्हणजे प्रवास कंपनीच्या मालकांचे चिरंजीव; मोठे साहेब गुडघ्यांपायी घरी बसल्यापासून काचेची खोली त्यांची झाली होती. टेबलाच्या अलीकडे उभी होती ती पासताई. तिला आईवडिलांनी ठेवलेलं एक नाव होतं, पण तेवीस वर्षं परदेशी रेल्वेचे पास काढून काढून ते फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं.

पासताईने ओळ वाचली. एक नव्हती, दोन होत्या.

‘सदर महिलेने नोंदणीच्या वेळी तिसरे मूल आपले नसून सहप्रवासी ज्येष्ठ गृहस्थांची नात असल्याचे सांगितले होते. आमच्या कर्मचाऱ्याने त्या माहितीवर विसंबून पास काढला.’

“असं ती कधी म्हणाली?”

“म्हणाली असेल.”

“साहेब, फॉर्म मी घेतला होता. तिने तिन्ही मुलांपुढे ‘आई’ लिहिलंय. तीनदा. माझ्यासमोर.”

“तो फॉर्म आता नाहीये.”

“नाहीये म्हणजे?”

“नाहीये म्हणजे नाहीये. ताई, तुम्ही माझी उलटतपासणी घेऊ नका हो. तिकडची रेल्वे विचारतेय की मुलीच्या नावापुढे परक्या माणसाची नात असं कोणी लिहिलं. आता बघा, लिहिणारे दोनच. एक तर बाईने तसं सांगितलं, नाहीतर तुम्ही मनाने घातलंत. पास तुमच्या सहीने निघालाय. मी तुम्हाला वाचवतोय आणि तुम्ही माझ्याकडे बघताय असं, जसं काही मीच...”

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करण्यासारखं नव्हतं.

“आठ महिने राहिलेत ना तुमचे?” ते म्हणाले. “सुखाने जा. हारतुरे घेऊन जा. उद्या दहापर्यंत पत्र हवंय मला.”

पासताई कागद घेऊन बाहेर आली. पेन टेबलावरच राहिलं.

•

मूल परक्याच्या पासवर चढवायची ही जोडणी कशी सुरू झाली ते आधी सांगायला हवं, कारण ती पासताईनेच सुरू केली होती.

एकोणीस वर्षांपूर्वी एक परिचारिका काउंटरवर आली. नवरा नव्हता, मुलं तीन. दोघं फुकट जात होती, धाकटीचा अर्धा पास काही केल्या बसत नव्हता. परिचारिकेने जुळवून पाहिलं, परत पाहिलं आणि म्हणाली, “मग हिला ठेवते मावशीकडे.” हे ती धाकटीच्या देखत म्हणाली. धाकटी रडली नाही. तिने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली आणि सोडायचं नावच घेईना. परिचारिकेला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

त्याच गटात एक निवृत्त चित्रकला शिक्षक एकटेच निघाले होते. त्यांच्या पासवर दोन मुलांची सोय होती आणि मूल एकही नव्हतं. पासताईने त्यांना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी स्वतः आले, धाकटीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, “मला गाडीत फार झोप लागते. स्टेशन आलं की उठवशील का?”

धाकटीने मान हलवली. झाली जोडणी. नियमात तेव्हा एवढंच होतं की मूल मोठ्या माणसाच्या सोबत हवं. नातं कोणी विचारत नव्हतं. पूर्ण प्रवासभर शिक्षक आणि धाकटी शेजारी बसले, परिचारिका समोर. परत आल्यावर त्यांनी पासताईला एक फोटो आणून दिला. त्यात शिक्षक तोंड उघडं टाकून झोपलेले आणि धाकटी त्यांच्या नाकाजवळ बोट नेऊन बसलेली.

मोठे साहेब हसले होते. “ताई, तुम्ही तर सोयरिकी जुळवायला लागलात.”

पुढे वर्षाला चारपाच अशा सोयरिकी होत राहिल्या. दोन्हीकडच्यांना विचारून, समोरासमोर बसवून, आवडलं तरच. एका आजींनी तर नकार दिला होता: “पोरगं फार प्रश्न विचारतं, मला नको.” पासताईने ते ऐकलं होतं.

मग रेल्वेवाल्यांनी फॉर्ममध्ये नात्याची चौकट घातली. कुटुंबाची सवलत कुटुंबालाच मिळावी, असं त्यांचं म्हणणं; ते चुकीचंही नव्हतं. पासताईने जोडणी बंद केली.

धाकट्या साहेबांनी ती चालू केली.

त्यांनी डोकं लावलं ते असं. तिसऱ्या मुलाच्या आईबापांकडून अर्ध्या पासचे पैसे घ्यायचे. तो पास काढायचाच नाही. मूल गटातल्या कोणातरी एकट्या म्हाताऱ्याच्या पासवर चढवायचं. चौकटीत लिहायचं: नातू. किंवा नात. आईबापांना सांगायचं नाही, म्हाताऱ्यालाही नाही. पास सगळे टूर मॅनेजरच्या पिशवीत. गाडी यायच्या आधी फलाटावर टूर मॅनेजर त्या मुलाला जरा बाजूला घेई, खांद्यावर हात ठेवी आणि एक वाक्य पाठ करून घेई. मुलांना खेळ वाटे. मुलांना वाक्यं पाठ करायची सवय असतेच.

चौकटीत तो शब्द टाइप कोण करत होतं? पासताई. चार वर्षांत तिने एकशे साठच्या वर नातवंडं जन्माला घातली.

“ताई,” शेजारच्या टेबलावरचा व्हिसावाला म्हणायचा, “तुमच्या टेबलावर होतात तेवढी बाळंतपणं सरकारी दवाखान्यात होत नाहीत.”

ती हसायची. हे लक्षात ठेवायला हवं, की ती हसायची.

एकदाच ती काचेच्या खोलीत जाऊन म्हणाली होती की साहेब, हे बरं नाही. साहेबांनी विचारलं होतं, “कोणाचं नुकसान झालं? मूल पोचतं ना?” ती परत येऊन खुर्चीत बसली होती. खुर्चीला चाकं होती. खुर्ची मागे गेली, मग पुढे आली. तेवढाच तिचा निषेध.

•

मसुदा पहिला

सदर महिलेने नोंदणीच्या वेळी

(पुढे काही नाही.)

•

दुपारी तीनला कवळ्या बनवणारी बाई आली. सोबत सात वर्षांची मुलगी. बाईने काउंटरवर पिशवी ठेवली नाही, खुर्चीत बसली नाही. एक पावती काढून काचेवर आपटली.

“हे वाचा. मोठ्याने.”

“बाल अर्धा पास, एक,” पासताईने वाचलं.

“कुठेय तो?”

पासताईने पावती सरळ केली.

“माझ्या दोन मुलांचे पास माझ्या नावावर. मान्य. हिचा वेगळा घेतला होता, हे पैसे दिलेत मी. सहा वर्षं दुसऱ्यांचे दात घासून साठवलेले. नवऱ्याला रजा नाही मिळाली, तरी म्हटलं पोरं मोठी व्हायच्या आत एकदा न्यावीत. तो पास कुठेय?”

“तुम्ही बसा ना.”

“बसवलं होतं मला तिकडे. पावणेचार तास.”

आणि मग तिने उभ्या उभ्याच सांगितलं. पासताईने ते दोनदा वाचलं होतं, रेल्वेच्या पत्रात, त्यांच्या भाषेत. त्या भाषेत ते अर्ध्या पानाचं होतं.

त्या सकाळी, मुलीचं नाव ज्यांच्या पासवर चढवलं होतं त्या पोस्टमास्तरांना चक्कर आली. टूर मॅनेजर त्यांना घेऊन दवाखान्यात गेला. जाताना पासांचा गठ्ठा गटातल्या एका काकांच्या हातात दिला आणि म्हणाला, पुढच्या गावी भेटू. पासपोर्टांची पिशवी मात्र चुकून त्याच्याच खांद्यावर राहिली. गाडीत तपासनीस आला. एकेक पास बघत मुलीपाशी थांबला. ही ज्यांच्या पासवर आहे ते गृहस्थ कुठे आहेत?

“मी म्हटलं, ही माझी मुलगी. त्याने कागद दाखवला. म्हणे, इथे तुमची दोनच मुलं आहेत. मला आधी वाटलं भाषेचा घोळ आहे. मी परत म्हटलं, माय डॉटर. तर तो खाली वाकून हिलाच विचारतो, तू कोणाबरोबर आहेस?”

मुलीने आईच्या ओढणीचं टोक धरलं होतं.

“आणि ही म्हणाली, मी आजोबांबरोबर आहे. इंग्रजीत. एकदम खणखणीत. मी तिचं तोंड बघत राहिले. हिचे दोन्ही आजोबा हिच्या जन्माआधी गेलेत हो!”

व्हिसावाल्याच्या टेबलावरचा शिक्का मारण्याचा आवाज बंद झाला होता.

“त्याने विचारलं, कुठे आहेत आजोबा? हिने खिडकीबाहेर बोट दाखवलं. झालं. पुढच्या स्टेशनला दोन गणवेशातल्या बायका उभ्याच होत्या. मुलं गाडीत, गटाबरोबर. मोठा दाराशी येऊन ओरडत होता, आई आम्ही उतरू का, उतरू का. मी म्हटलं, नको, तिथेच थांब, धाकट्याला सोडू नको. आणि गाडी गेली. हिला काचेच्या खोलीत नेलं. आत खेळणी होती. मी काचेच्या बाहेर. फोनवरून एक दुभाष्या. त्याने हिला विचारलं, बाहेर बसलीय ती बाई कोण?”

“आई,” मुलगी हळूच म्हणाली, “नको ना.”

“माहीत नाही, म्हणाली. माहीत नाही! का, ठाऊक आहे? तुमच्या त्या माणसाने हिला सांगून ठेवलं होतं की दुसरं काही बोललीस तर सगळ्यांना उतरवतील. हिला वाटलं, मला आई म्हटलं तर भावांना गाडीतून खाली टाकतील. म्हणून पोटची पोर पावणेचार तास माझ्याकडे बघून म्हणत होती, माहीत नाही. मी मोबाइलमधले फोटो दाखवले. बारशापासूनचे. ते म्हणाले, फोटोवरून एवढंच कळतं की तुम्ही हिला ओळखता. शेवटी तुमचा माणूस पासपोर्ट घेऊन आला, तेव्हा सोडलं.”

काहीतरी करायला हवं म्हणून पासताईने मुलीला विचारलं, “पाणी देऊ का गं तुला?”

मुलीने आधी आईकडे पाहिलं. “आई, काय सांगायचं?”

“तहान लागली असेल तर हो सांग.”

मुलीने विचार केला. तहान लागलीय की नाही याचा नव्हे, हे पासताईला स्पष्ट दिसलं.

“घरी आल्यापासून असंच,” बाई म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता आणि तो जास्त वाईट होता. “शाळेत हजेरीला हजर म्हणत नाही. बाईंनी नाव घेतलं की शेजारणीला विचारते, काय सांगायचं. आणि वर तिकडच्यांनी इकडे कळवलंय. बालकल्याणची बाई घरी येऊन गेली. म्हणे, बाळंतपणाचे कागद दाखवा. सासूबाई म्हणाल्या, अहो, मी उशाशी बसले होते. तर म्हणे, तुमची साक्ष धरता येत नाही, तुम्ही घरच्या. सासूबाई म्हणाल्या, मग बाळंतिणीच्या उशाशी काय गल्लीतले बसतात? उद्या अकराला परत येणारे ती. माझ्या वर्कशॉपवर. तिला कंपनीचं पत्र हवंय, की पास कोणी काढला, कसा काढला. ते पत्र घ्यायला आलेय मी.”

“तयार होतंय,” पासताई म्हणाली.

“त्यात काय लिहिणार?”

पासताईच्या ड्रॉवरमध्ये तो कागद होता. ड्रॉवर अर्धवट उघडा होता. तिने तो गुडघ्याने बंद केला.

“उद्या अकराच्या आत पोचेल,” ती म्हणाली. “मी आणते.”

“तुम्ही कशाला? तुम्ही बिचाऱ्या काउंटरवरच्या.”

‘बिचाऱ्या’ हा शब्द पासताईला कानफटात बसावी तसा बसला.

•

मसुदा दुसरा

कर्मचाऱ्याच्या नजरचुकीमुळे सदर बालिकेचे नाव

(नजरचूक एकदा होते. एकशे साठ वेळा होते तिला दुसरा शब्द आहे.)

•

पासताईचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. त्याचं टेबल घराच्या पश्चिमेच्या खिडकीशी होतं, कारण संध्याकाळचा उजेड तिरपा येतो आणि तिरप्या उजेडात बारीक खिळे सापडतात. ती आली तेव्हा त्याच्या डोळ्यात भिंग होतं.

“आज चपला फेकल्यास,” तो वर न बघता म्हणाला. “रोज ठेवतेस.”

“अहो, ते भिंग काढा आधी. मला एका डोळ्याच्या माणसाशी बोलायचं नाहीये.”

त्याने काढलं. तिने सगळं सांगितलं. मधे तो एकदाच बोलला, “मुलगी म्हणाली माहीत नाही?”

“बोला आता.”

“सही कर आणि मोकळी हो, असं म्हणणार होतो. तू सांगायला लागलीस तेव्हा.”

“आता?”

“आता मला विचारू नकोस. मी मनात आठ महिने मोजतोय, ग्रॅच्युइटी मोजतोय, आणि आपण मोजतोय याची लाज वाटतेय.”

ती पलंगाच्या कडेला बसली. “तुम्ही कधी कोणाच्या घड्याळात खोटा पार्ट घातलाय?”

“दोनदा.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“तू तरी कुठे बोललीस? चार वर्षं?” तो हे टोचायला म्हणाला नव्हता, पण टोचलं. “एकाने घड्याळ परत आणलं. शिव्या दिल्या, मी नवा पार्ट घालून दिला, संपलं. दुसरं कोणाचं होतं तेच आठवत नाही. तो माणूस भेटलाच नाही परत. त्याचं घड्याळ रोज थोडं थोडं मागे पडत असेल आणि तो स्वतःलाच आळशी म्हणत असेल.”

“हे पत्र लिहिलं तर मलाही धरतील हो. ‘नात’ मीच टाइप केलंय.”

“धरतील.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“वाटते की. पण तुझी सही बाकी सुंदर आहे, अगदी पहिल्यापासून. आपल्या लग्नाच्या कागदावर माझी गांडुळासारखी होती आणि तुझी जज्जासारखी.” त्याने भिंग परत डोळ्यात बसवलं. “कशावर करायची ते तूच बघ.”

•

मसुदा तिसरा

मा. अधिकारी, रेल्वे पास विभाग.
प्रत : बालकल्याण अधिकारी.
प्रत : मुलीची आई.

मुलगी तिच्या आईचीच आहे. आईने फॉर्ममध्ये तसे स्वतःच्या हाताने लिहिले होते. तो फॉर्म मी घेतला होता. तो आता कार्यालयात नाही असे मला सांगण्यात आले आहे.

आईने मुलीच्या अर्ध्या पासचे पूर्ण पैसे दिले होते. तो पास काढला नाही. मुलीचे नाव एका सहप्रवाशाच्या पासवर घातले. नात्याच्या चौकटीत ‘नात’ हा शब्द मी टाइप केला. सहप्रवासी गृहस्थांना हे माहीत नव्हते. आईला माहीत नव्हते. मला माहीत होते आणि मला तसे करायला सांगणाऱ्यांना माहीत होते.

मुलीला खोटे बोलायला कंपनीच्या माणसाने शिकवले. ती सांगितल्याप्रमाणे बोलली.

हे एकदा झालेले नाही. चार वर्षे चालू आहे. पासांचे क्रमांक सोबत जोडले आहेत.

•

सकाळी साडेनऊला तिने ते छापलं. तीन प्रती. क्रमांकांची पानं अकरा झाली. प्रिंटर मधेच अडला, तिने त्याचं झाकण उघडून चुरगळलेला कागद ओढून काढला, परत छापलं. सही केली. तीनही ठिकाणी.

कंपनीचा शिक्का व्हिसावाल्याच्या टेबलावर असायचा. व्हिसावाल्याने तिच्या खांद्यावरून पहिलं पान वाचलं होतं. तो वाचतोय हे तिने अडवलं नव्हतं. त्याच्या घरी कर्जाचा हप्ता आणि अंथरुणाला खिळलेला बाप होता. तो उठला.

“ताई, मी खाली चहा प्यायला जातोय,” तो म्हणाला. “शिक्का इथेच आहे. शाईचं झाकण जरा घट्ट बसलंय, डावीकडे फिरवा.”

दहाला पाच कमी असताना ती काचेच्या खोलीत गेली आणि एक प्रत टेबलावर ठेवली. एक आईसाठी पर्समध्ये होती, एक स्कॅन होऊन तेव्हा गेलेली होती. रेल्वेकडे ईमेलने, बालकल्याणकडे ईमेलने. धाकट्या साहेबांनी पहिला परिच्छेद वाचला, दुसरा वाचला, आणि त्यांचे कान लाल झाले.

“हे काय आहे?”

“दहापर्यंत पत्र मागितलं होतंत.”

“ताई, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय केलंत? पंचवीस घरं चालतात या कंपनीवर! तेवीस वर्षं इथे जेवलात आणि आता खाल्ल्या घरचे वासे मोजताय?”

“मोजले नाहीत, साहेब. त्यातला हा वासा मीच बसवला होता. तुम्ही तो पोखरलात आणि मी बघत बसले. तेवढंच लिहिलंय.”

“मी तुम्हाला वाचवत होतो!”

“कोणापासून?” पासताईचा आवाज चढला. या खोलीत तो कधी चढला नव्हता. काचेपलीकडच्या लोकांनी माना वळवल्या. “सात वर्षांची पोर आपल्या आईकडे बघून ‘माहीत नाही’ म्हणते आणि तुम्ही मला वाचवताय? त्या बाईकडे बोट दाखवून? चोर ते चोर आणि वर बाळंतिणीकडे कागद मागायचे? तुमच्याही घरात मूल आहे ना, साहेब. मागच्या सुट्टीत त्याचा पास मी काढला. नात्याच्या चौकटीत ‘मुलगा’ लिहिलं. त्याला नाही कोणी फलाटावर बाजूला घेतलं.”

“बाहेर जा.”

“जातेच आहे. अकराला पोचायचंय मला.”

“परत येऊ नका.”

“माझा डबा खालच्या कप्प्यात आहे, तो घेऊन जाते,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचंच नवल वाटलं, की एवढं सगळं बोलून झाल्यावर माणसाला डबा आठवतो.

जिन्यात व्हिसावाला उभा होता. चहा प्यायलेला दिसत नव्हता. तो बाजूला झाला, तिला वाट दिली आणि ती चार पायऱ्या उतरल्यावर म्हणाला, “ताई, सांभाळून. खालची पायरी ओली आहे.”

•

बाईचं वर्कशॉप म्हणजे एका दवाखान्याच्या मागची लांबट खोली. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने ठेवलेले, प्रत्येकाखाली पेन्सिलीने आकडा. काही वरचे, काही खालचे, सगळे आ वासलेले. खोलीत गरम मेणाचा वास होता. मुलगी कोपऱ्यात खोक्यावर बसून वहीत रेघा मारत होती. शाळेत गेली नव्हती.

पासताईने पत्र दिलं. बाईने हात पुसले, पत्र उजेडात नेलं आणि उभ्याने वाचलं. एकदा. मग अकरा पानं क्रमांक. ती शेवटच्या पानापर्यंत गेली, प्रत्येक आकडा वाचावा तशी.

“एवढी मुलं,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“चार वर्षं.”

“हो.”

“म्हणजे मी फॉर्म भरत होते, तुम्ही मला पेन दिलंत, हिला म्हणालात किती गोड नाव आहे, तेव्हाही माहीत होतं.”

पासताईने मान हलवली. पुढच्या शब्दासाठी तोंड उघडलं, तर बाईने हात वर केला.

“माफी मागू नका. आत्ता नको. मला राग आलाय आणि मला तो हवाय, ती बाई येईपर्यंत तरी.” तिने पत्राच्या घड्या नीट दाबल्या, फायलीत घातल्या. “कागदावर भागणार नाही. ती म्हणेल, असल्या सह्या कोणीही करतं. तुम्ही थांबा. तिच्या तोंडावर सांगा. सगळं. ‘मीच टाइप केलं’ तेसुद्धा.”

“सांगते.”

“हिच्यासमोर सांगा. हिला ऐकू दे, की मोठ्या माणसांनी तिला चुकीचं शिकवलं. मी सांगून सांगून थकले, तिला वाटतं मी आई आहे म्हणून बाजू घेते.”

मुलीच्या रेघा थांबल्या होत्या.

बाईने पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. पासताई त्यावर बसली. मांडीवर पर्स, पर्सवर डबा, डब्यावर दोन्ही हात. पाणी कोणी विचारलं नाही आणि ते बरोबरच होतं. बाईने भिंग लावलं, एक अर्धवट कवळी उचलली आणि मोटर चालू केली. बारीक गुलाबी भुकटी उडून पासताईच्या काळ्या पर्सवर बसत राहिली. तिने ती झटकली नाही.

अकराला दोन मिनिटं कमी असताना दार वाजलं. मोटर बंद झाली. पासताई बोलावण्याची वाट न बघता उठून उभी राहिली.

•

गाडी सुटल्यावर, आई आणि बहीण फलाटावर मागे पडत गेल्या तेव्हा, जागा कमी पडली म्हणून दोघींना उतरवलं असं वाटून मोठ्या मुलाने धाकट्या भावाचा हात धरून डब्यातल्या रिकाम्या जागा मोजल्या होत्या. एकतीस होत्या.